चंबळच्या घळीत सोडलेला हात

त्या दिवशी पहाटे दिवा लावताना मी सिद्धनाथाला म्हणाले, "आता पुरे. ह्यांना तरी ने, नाहीतर मला." रागाने नाही, दूधवाल्याला उद्या नको म्हणून सांगावं, तसं म्हणाले. सिद्धनाथ हे आमचं म्हसवडचं कुलदैवत. ह्यांची नोकरी लखनौला, म्हणून लग्न होऊन मी इकडे आले, त्याला पंचेचाळीस वर्षं झाली. माझी शाळा चौथीपर्यंत. घडलं तसं सांगते.

ह्यांना विसरण्याचा आजार आहे. आधी किल्ल्या विसरले, मग माणसांची नावं, मग हिंदी. सगळी नोकरी हिंदीत केलेला माणूस आता फक्त माणदेशी मराठी बोलतो आणि सारखा चालतो. घरी जायचंय म्हणत दाराशी जातात. मी आतून कुलूप लावायची, चपला लपवायची. मुलगा विलास म्हणायचा, "आई, मदतीला बाई ठेवू या." मी म्हणायची, नवरा माझा आहे, मी बघीन. त्यात माया किती आणि ताठा किती, हे मी कधी तपासलं नाही. दिवा रोज लावत होते, पण पलीकडे कुणी ऐकतंय, यावरचा विश्वास उडाला होता.

मे महिना संपत आला होता. नात सईला कॉलेजसाठी चंबळच्या बीहडाचे फोटो हवे होते. बीहड म्हणजे पावसाने कापलेल्या मातीच्या घळी, मैलोन्मैल. सून माहेरी गेली होती. मी म्हटलं, या उन्हात शहाणी माणसं पडदे ओढून पडून राहतात. सई म्हणाली, "आजी, आजोबा को गाड़ी में अच्छा लगता है. आप ही लड़ती रहती हो सबसे." गाडीत ते शांत बसतात, हे खरं होतं. लखनौच्या जानकीपुरमहून, आमच्या घरून, पाचला निघालो आणि दहाच्या सुमाराला इटाव्यापलीकडे चंबळच्या अभयारण्यात पोहोचलो. फाटकावरच्या पहारेकऱ्याने ह्यांच्याकडे बघून मला बजावलं, "अम्मा, बाबा का हाथ मत छोड़ना. नीचे हर मोड़ एक जैसा है."

वरून बघितलं तर जमीन तापलेल्या तव्यासारखी, मधे दोन मजले खोल घळी आणि लांब खाली नदीची हिरवी रेघ. विलास आणि सई फोटोसाठी कड्याकडे गेले. मी ह्यांना घेऊन बाभळीखाली बसले. ते उठून ओढायला लागले. घरी जायचंय, घरी जायचंय. माझं मनगट दुखायला लागलं. आणि मी म्हणाले, "जा. कुठं जायचं तिकडं जा." हात सोडला आणि डोळे मिटून घेतले. डोळे उघडले तेव्हा ते नव्हते.

मी ओरडले. विलास पळत आला, फाटकावरून पहारेकऱ्याला घेऊन घळीत उतरला. सई दुसऱ्या बाजूने कड्याकड्याने हाका मारत गेली. फोन लागत नव्हता. माझे गुडघे असले उतार उतरत नाहीत, म्हणून मी बाभळीखालीच राहिले. पाण्याची बाटली माझ्याकडे होती, ह्यांच्याकडे काही नव्हतं. तासभर गेला. मी नवस बोलले नाही. सकाळी मागितलं तेच देव देत असेल, तर आता कुठल्या तोंडाने परत दे म्हणू? शेवटी एवढंच म्हणाले, "मला काही कळत नाही. तुझं तू बघ." इतक्या वर्षांत देवाला काही न सांगता गप्प बसले, ती पहिलीच वेळ.

थोड्या वेळाने घळीतून एक बाई वर आली. डोक्यावर पदर, हातात काठी, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान. म्हणाली, "बाबा तुम्हारे हैं? नीचे बैठे हैं."

मी म्हटलं, "बैठे हैं? वो तो बैठते ही नहीं."

"हमारे पास तो बैठे हैं. पानी पिला दिया, गोद में बकरी का बच्चा दे दिया. धीरे चलना अम्मा, और चिल्लाना मत, बच्चा डर जाएगा."

तिनेच सांगितलं, एरवी ती त्या बाजूला शेळ्या आणत नाही. त्या सकाळी एक शेळी कळपातून फुटून नेमकी त्याच घळीत व्यायली, म्हणून तिला यावं लागलं. ह्यांची मराठी तिला कळली नाही, तिचं बोलणं ह्यांना. तिने दंडाला धरून त्यांना सावलीला नेलं आणि पिल्लू हातात दिलं, बस.

तिच्या खांद्याला धरून मी उतरले. कशी उतरले, आठवत नाही. मातीच्या भिंतीच्या सावलीत हे मांडी घालून बसले होते. पिल्लाला सदऱ्याच्या टोकाने वारा घालत होते आणि शेळी शेजारी उभी राहून त्याला चाटत होती. म्हसवडला लहानपणी ह्यांनी शेळ्या राखल्या होत्या. मला बघून म्हणाले, "हळू. आत्ताच डोळा लागलाय त्याचा." दोन वर्षांत मी त्यांना इतकं स्वस्थ बघितलं नव्हतं. मी शेजारी बसले. बाई म्हणाली, "अब तुम आदमी सँभालो, बकरी हम सँभाल लेंगे." आणि पिल्लू उचलून, शेळी पुढे घालून ती गेली. तिचं नाव विचारायचं मला सुचलं नाही.

विलास धापा टाकत आला. "आई, हात सुटला कसा?" मी म्हटलं, "सुटला." पण परतीच्या वाटेवर ते खोटं मला पचेना. हे मागे सईच्या खांद्यावर डोकं टाकून झोपले होते. मी म्हणाले, "विलास, हात सुटला नाही. मी सोडला. मला ते नकोसे झाले होते." तो समोर रस्त्याकडे बघतच म्हणाला, "मलाही कधीकधी वाटतं, आई. म्हणून तर बाई ठेवू या म्हणत होतो."

त्या बाईला कुणी पाठवलं, यावर मी वाद घालत नाही. शेळ्या कुठेही वितात. मला एवढं माहीत आहे की मी हात सोडला आणि ते पडले नाहीत. आता दिवा लावताना कुणाला ने, कुणाला ठेव, हे मी सांगत नाही. ते त्याचं काम आहे. ह्यांना सांभाळायचं ते माझं. दुपारी एक बाई येते. ती ह्यांना बाहेर फिरवून आणते आणि तेवढा वेळ मी झोपते.