यादीतून गेलेल्या अळ्या

त्याने आमच्या सगळ्या गावाला फसवलं. तो अकोल्याचा संशोधक. बोंडअळीची जनुकं तपासणारा प्रोग्राम सहा शहरांतल्या संशोधकांनी तीन दिवसांत ऑनलाइन, मिळून लिहायचा, हा घाट त्याचाच. राजापेठेतल्या माझ्या कॉम्प्युटर क्लासमधून तो सगळं चालवी. दर दहा मिनिटांनी माईक रुमालाने पुसून विचारी, "आवाज येऊन राहिला ना सगळ्यायले?" फोन वाजला की आधी दाराकडे बघे. त्याला बघून मलाही धास्ती वाटू लागे.

बडनेऱ्याजवळच्या आमच्या वावरातल्या अळ्या मीच त्याला नेऊन दिल्या होत्या. तिसऱ्या दिवशी प्रोग्रामने दाखवलं की, आमचं गाव पेरतं त्या बीटी बियाण्याच्या कपाशीने आमच्या अळ्या आता मरत नाहीत. जेवून येऊन पाहतो, तर तपासलेल्या नमुन्यांच्या यादीतून आमचे गायब. ती यादी सगळ्यांच्या ऑनलाइन फाइलीत होती, तिथे कोणी काय बदललं ते दिसतं. नाव त्याचंच होतं.

"काहून काढले, सर?"

"भाऊ, हळू बोला. वरून फोन होता. नमुने सडले होते म्हणू."

"सडले? जित्या अळ्या देल्ल्या मी तुमच्या हातात!"

"मले दोन लेकरं आहेत, भाऊ."

एरवी मी कोणाचं ऐकून घेत नाही. तेव्हा मात्र ऐकून घेतलं.

पंधरा दिवसांवर पेरणी आली आहे. माझ्या भावाने तेच बियाणं घरात आणून ठेवलंय, गावानेही. लेकरं आमच्याकडेही आहेत, सर. ते नमुने यादीत परत घाला. नाही तर गावात या आणि फोन कोणाचा होता, ते सगळ्यांसमोर सांगा.