उलटी खोक

लासूर स्टेशनच्या फलाटावर मला सोडायला लहानू एकटाच आला होता. लहानू म्हणजे माझा धाकटा भाऊ. आण्णा, म्हणजे आमचे वडील, मेंढरांमागं गेले होते, आणि माय दारातूनच आत वळली होती, कारण जाणाऱ्याच्या पाठीकडं बघत उभं राहू नये असं तिचं म्हणणं. लहानूची बोटं गेरूनं लाल झालेली होती. मेंढरांच्या पाठीवर खुणा घालायचं काम अर्धवट टाकून तो मला गाडीत बसवायला आला होता. पॅसेंजर हलली तेव्हा त्यानं खिडकीतून हात आत घातला आणि माझ्या नव्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीला दोन बोटं पुसली. "आता हरवला तरी सापडशील," म्हणाला.

मी चिडलो. तो एकच बरा शर्ट होता माझा. गाडी फलाट सोडून गेली तरी मी बाही थुंकीनं घासत होतो, आणि त्यामुळं मागं वळून बघायचंच राहिलं.

लोक पुण्याला जातात, दुबईला जातात, आमच्या शाळेतला एकजण तर कॅनडात ट्रक चालवतो. मी चाळीस किलोमीटर गेलो. माय अजूनही ज्याला औरंगाबाद म्हणते त्या संभाजीनगरात. तुम्ही जे गावात राहिलात ते यावर हसाल, आणि जे सातासमुद्रापार गेलात ते तर पोट धरून हसाल. हसा. सुरुवातीला मीही हसायचो. वाटायचं, मनात आलं की तासाभरात घरी. मग कळलं की तासाभरावर घर असलेला माणूस सगळ्यात कमी घरी जातो. कॅनडावाला निदान दोन वर्षांतून एकदा महिनाभर येतो. मी म्हणायचो, पुढच्या रविवारी.

हाताला रंग लहानपणापासून होता. पोळ्याला बैलांची शिंगं मी रंगवायचो, आणि मेंढरांवर आमच्या घरची खूण, म्हणजे एक कडं आणि त्यात टिंब, माझ्याइतकी गोल कुणाची यायची नाही. आण्णा बघायचे आणि म्हणायचे, "हात लई चांगला हाय तुव्हा. पर मेंढराच्या पाठीवरचं चार महिन्यांत लोकरीसंगं जातं." शहरात येऊन मी दुकानांच्या पाट्या रंगवल्या, फ्लेक्सनं तेही काम खाल्लं. मग सिडकोतल्या एका फ्लॅटमध्ये लागलो. तिथं काय चालतं हे घरी समजावून सांगायला मला दोन वर्षं लागली.

परदेशात मोठी माणसं टेबलावर लढाईचा खेळ खेळतात. दाढीवाली, नोकरीवाली, लेकराबाळांची माणसं. त्या खेळातले योद्धे अंगठ्याच्या दोन पेरांएवढे असतात. आमच्याकडं ते थ्रीडी प्रिंटरमधून रेझिनचे, म्हणजे एका तऱ्हेच्या प्लास्टिकचे, निघतात, करडे, आंधळे, कपड्यांचा आणि कातडीचा एकच रंग असलेले. ते बाटलीच्या बुचावर चिकटवायचे, प्रायमर मारायचा आणि मग भिंगाखाली रंगवत बसायचं. रंग पाण्यासारखा पातळ, एकावर एक पाच-सहा हात. काळसर वॉश, म्हणजे शाईसारखा पातळ रंग, सोडला की तो आपोआप सुरकुत्यांमध्ये जाऊन बसतो आणि चेहऱ्याला वय येतं. भुवई काढायला ब्रशचे दोन केस पुरतात. श्वास सोडला की भुवई वाकडी. आठ-दहा दिवस एकाच्या अंगावर खपायचं, मग त्याला कापसात गुंडाळून जर्मनीला पाठवायचं. मी गेलो चाळीस किलोमीटर, माझे शिपाई सगळं जग फिरून आले. प्रत्येकाच्या तळाला, जिथं कुणी बघणार नाही, मी आमच्या मेंढरांची खूण काढायचो. आमचा कळप म्हणून.

आता आमच्या देव्हाऱ्याचं सांगायला हवं, कारण सगळं तिथंच अडलं. खंडोबाच्या शेजारी आमच्या घरचे तीन वीर आहेत. वीर म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेला टाक, सुपारीपेक्षा थोडा मोठा, घोड्यावर बसलेला तलवारवाला माणूस. घरातला जो कुणी भर वयात अवचित गेला त्याचा वीर बसवतात. आमचा एक वीर विहिरीत पडून गेला, एक सापानं, आणि तिसऱ्याचं नावही आता कुणाला सांगता येत नाही. तिघांपैकी कुणी जन्मात तलवार धरली नव्हती. पण मेल्यावर आमच्याकडं माणसाला तलवार मिळते. धुळवडीला घरातला थोरला पोरगा वीराला कापडात गुंडाळून, हलगीच्या मागं, शिवना नदीवर नेतो, अंघोळ घालतो आणि घरी परत आणतो. वर्षातून एवढंच त्याचं बाहेर पडणं.

लहानूला माझ्या कामाचं फार वेड होतं. मेंढरं बसली की तो फोन लावायचा आणि म्हणायचा, आज कोण केला दाखव. एकदा म्हणाला, "दादा, मला बी कर की एक. मव्ह्या तोंडाचा." मी त्याचा फोटो मागवला. त्यानं बाभळीखाली उभं राहून स्वतःच काढून पाठवला, दात दाखवत. मी एक बाद झालेला योद्धा घेतला, त्याच्या खांद्यावर राखाडी घोंगडं दिलं, ढालीवर कडं आणि टिंब काढलं, आणि भिंगाखाली पंधरा दिवस भावाचं तोंड करत बसलो. भुवईवरची खोकसुद्धा सोडली नाही. लहानपणी एडक्यानं त्याला धडक दिली होती तेव्हाची ती. त्या वेळी माय शेतात होती, भुवईवर हळद दाबून मीच बसलो होतो.

इतकं चांगलं काम मी त्याआधी केलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

दिवाळीला ते घेऊन गेलो. लहानू लेकरासारखा हरखला, साऱ्या वाडीला दाखवून आला. माय चुलीपुढं होती. त्यानं तिच्या हातावर ठेवलं. तिनं बघितलं आणि विचारलं, "कुनाचा वीर हाय ह्यो?"

"मव्हा," लहानू म्हणाला.

मायचा चेहरा मी विसरणार नाही. "जित्या मानसाचा वीर करत्यात का रे?" एवढंच ती बोलली, तेही माझ्याकडं बघून. मी शहरी शहाणपणानं समजावत बसलो, अगं हा वीर नाही, खेळातला आहे, मिनिएचर म्हणतात त्याला, परदेशात घरोघरी असतात. ती ऐकत नव्हती. ती दारातल्या उजेडात गेली, मूर्ती डोळ्यांजवळ धरून बराच वेळ न्याहाळली, मग लहानूला परत दिली. मला वाटलं, पटलं तिला. मनातल्या मनात मी स्वतःची पाठही थोपटली.

पुढच्या उन्हाळ्यात, सकाळच्या उन्हात, मेंढरं हायवे ओलांडत होती. लहानू रस्त्याच्या मधोमध हात आडवे करून उभा होता, जसा तो रोज राहायचा. ट्रक थांबला नाही.

मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. तासाभरावरचं घर, आणि मला चार तास लागले, कारण कामाच्या नियमाप्रमाणं फोन दाराजवळच्या डब्यात ठेवून मी कुणाच्या तरी चिलखताला चकाकी देत होतो. दहाव्याला मांडवात बसलो असताना मागून चुलतीचा आवाज ऐकू आला. ती कुणाला तरी हळूच सांगत होती, "दिवाळीलाच वीर करून आनला व्हता म्हनं थोरल्यानं." ती वाईट बाई नाही. तिनं जे होतं ते सांगितलं.

मी त्याच दुपारी निघालो. माय दारातूनच आत वळली. रिवाजानं वळली की माझं तोंड बघायचं नव्हतं म्हणून, ते मला कळेना, आणि विचारायची छाती झाली नाही.

त्यानंतर मी घरी गेलो नाही. रविवार येत होते आणि जात होते. मी शिकलेला माणूस आहे, रेझिनच्या तुकड्यानं ट्रक येत नाही हे मला कळतं. पण कामावर बसलो, भिंगाखाली करडा चेहरा आला की मी ब्रश खाली ठेवायचो. मी आमच्या फ्लॅटवाल्या सरांना सांगून चेहरे दुसऱ्याकडं दिले. घोडे, ढाली, दगड-माती एवढंच करायला लागलो. मायशी फोनवर बोलणं व्हायचं. पाऊस कसा आहे, जेवलास का. ती लहानूचं नाव घ्यायची नाही, मीही नाही. मूर्तीचं काय झालं हे मी विचारलं नाही. मनात धरून चाललो होतो की मायनं ती केव्हाच नदीत टाकली असणार, आणि तिच्या लेखी मीही त्याच पाण्यात गेलो असणार.

फेब्रुवारी संपता संपता आण्णांचा फोन आला. "धुळवडीला ये. लहान्याला बसवायचा हाय. तुव्ह्याबिगर कोन नेनार त्याला?"

गेलो. स्टेशनपासून चालत गेलो, जेवढा उशीर होईल तेवढा बरा म्हणून. अंगणात मेंढरं थोडीच उरली होती, आणि त्यांच्या पाठीवरच्या खुणा वाकड्या, म्हाताऱ्या हाताच्या होत्या. मी मायला विचारलं, सोनाराकडनं टाक आणला का. ती म्हणाली, नाही. मग आत गेली आणि पदराच्या गाठीतून सोडवून तिनं माझ्या हातावर मी केलेला तो योद्धा ठेवला.

तलवारीचं टोक तुटलं होतं. घोंगड्याचा रंग खांद्यावर झिजला होता, लहानू खिशात अंगठ्यानं चोळत राहायचा तिथं. त्या दिवशीही तो त्याच्या खिशातच होता. तोंड मात्र जसंच्या तसं, दात दाखवणारं.

"सोनाराच्या टाकाला तोंड नसतं," माय म्हणाली. "ह्याला हाय. ह्योच बसवू. पर खोक नीट कर."

मला कळलं नाही. खोकेला काय झालं?

"उलटी हाय ना. लहान्याची उजव्या भुवईला व्हती. तू डावीला काढली."

मी फोन काढून तो बाभळीखालचा फोटो बघितला. खोक डाव्याच भुवईवर दिसत होती. मग त्याच्या शर्टाचा खिसा बघितला, नेहमी डावीकडं असणारा तो उजवीकडं होता. त्याच्या मागं पाण्याची टाकी, तिच्यावर गावाचं नाव उलटं. त्याचा फोन पुढच्या कॅमेऱ्यानं काढलेले सेल्फी आरशासारखे उलटे ठेवायचा, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पंधरा दिवस भिंगातून ते तोंड बघत बसलो आणि एकदाही खटकलं नाही. ज्या भुवईवर मी स्वतः हळद दाबून बसलो होतो, ती उजवी की डावी हे मला फोटोला विचारावं लागलं होतं. घर सोडणं म्हणजे काय ते मला तिथं, त्या उंबऱ्यावर कळलं. आणि मी रडलो, एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा, आवाज काढून.

मायनं रडू दिलं. मग म्हणाली, "दिवाळीलाच बघितली म्या उजेडात. उलटी हाय म्हनून तर ठिऊ दिली त्याला. न्हायतर तवाच शिवनेत टाकली असती. खोक उलटी म्हंजी त्यो लहान्या नव्हताच. दुसराच कुनी व्हता. तुव्ह्या हातून काय झालं नाय, बाबा. येत का नव्हता तू?"

एवढे महिने ती हे मनात घेऊन बसली होती, आणि मी तासाभरावर माझं घेऊन. फोनवर आम्ही पावसाचं बोलत होतो.

रंग मी आणले नव्हते. ब्रश तेवढा पेनासारखा खिशाला असतो. मायनं मेंढरांचा गेरू दिला, वाटीत चुना दिला, आण्णांनी बाभळीचा डिंक पाण्यात भिजवला. वशिंडावर हात फिरवावा तसा आण्णांनी माझ्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि शेजारी बसले. भर दुपारी, अंगणात, भिंगाशिवाय. गेरूत चुना मिसळून कातडीचा रंग जमवला आणि डावी भुवई बुजवली. ती वाळेपर्यंत त्याच्या तोंडावर कुठंच खोक नव्हती, एडक्यानं मारलंच नाही असा तो दिसत होता. माझा हात पुढं जाईना. खोक उलटी होती तोवर तो दुसराच कुणी होता, आमचा लहानू कुठंतरी मेंढरांमागं होता. आता रेघ उजवीकडं ओढली की तो तोच होणार होता, आणि वीर होणार होता.

"काढ," माय म्हणाली.

मी श्वास धरला आणि काढली. दोन केसांची रेघ. माझ्या जन्मात एवढी सरळ रेघ आली नाही.

मायनं बघितलं. "व्हय," म्हणाली, "ह्यो मव्हा लहान्या," आणि तेव्हा ती रडली.

हलगी वाजायला लागली. त्याला पांढऱ्या कापडात गुंडाळून मी शिवनेवर नेलं. पाणी घोट्याएवढंच होतं. अंघोळ कसली, बोट ओलं करून पायांना लावलं, तोंडाला लावलं नाही, कारण गेरू पाण्यानं निघतो. पुढल्या वर्षी खोक पुन्हा काढावी लागेल. दरवर्षी काढावी लागेल. घरी वार्निश नेऊन एकदाच पक्की करता येईल हे मला माहीत आहे. मी नेणार नाही.

दुसऱ्या दिवशी निघालो तेव्हा माय दारातून वळली आणि आतूनच म्हणाली, "पुढल्या धुळवडीला ये. तुव्ह्याबिगर त्यो जायाचा नाय."

माझ्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर आता पुन्हा गेरूचा डाग आहे. कोणी विचारतं, तुझं घर कुठं, तर मी सिडकोचा पत्ता देतो. पण तुम्हाला म्हणून सांगतो. मला गाडीत बसवून देऊन लहानू एकटा घरी परतला होता, त्याचं घर माझ्यावाचून चाललं. आता वर्षातून एकदा मी त्याला नदीपर्यंत नेतो आणि परत आणून देव्हाऱ्यात ठेवतो. माझं घर ते, नदीपासून दारापर्यंतचं. हा डाग मी धुतलेला नाही.