खिडकीतलं सफरचंद

बेळ्ळंदूरच्या सिग्नलला ऑफिसची कॅब नेहमीसारखी अडकली होती आणि मी नेहमीसारखी ट्रॅफिकच्या नावानं खडे फोडत होते, तेवढ्यात काकांचा फोन आला. "अगं, अक्का उठत नाहीये," एवढंच म्हणाले. मी आपली म्हणते, "झोपू द्या की हो तिला जरा! कशाला उठवताय?" पलीकडून नुसता श्वास ऐकू येत राहिला… आणि मग मला कळलं. मी सिग्नललाच कॅबचं दार उघडून उतरले.

अक्का म्हणजे माझी सख्खी आत्या. लग्न होऊन पुण्याहून बंगळूरला आली आणि इथल्या कानडी वळणानं सगळ्या गल्लीची अक्का झाली. मग आम्ही भाचरंही तिला अक्काच म्हणायला लागलो. तिच्या यजमानांना आम्ही काका म्हणतो. त्यांचं चिकपेटेत साड्यांचं दुकान, घर दुकानाच्या मागच्या गल्लीत. ती शाळेत चित्रकला शिकवायची. मी नोकरीसाठी इथं आले, सर्जापूर रोडवर बिऱ्हाड केलं, पण रविवारचं जेवण तिच्याच हातचं. तिला जाऊन महिना उलटून गेला, तरी रविवारी तिच्या दारात पोचेपर्यंत माझ्या पायांना काही ते कळत नाही.

त्यांची एकुलती एक लेक नंदिनी. तिनं ऑफिसातला हिमाचली मुलगा पसंत केला, आणि पुढे दोघं नोकऱ्या सोडून त्याच्या घरच्या सफरचंदाच्या बागेत राहायला गेली, तेव्हा काकांनी कपाळाला हात लावला होता. अक्का मात्र हरखली. आयुष्यभर बाजारातली, स्टिकर चिकटवलेली सफरचंदं समोर ठेवून चित्रं काढलेली बाई ती! तोडणीच्या दिवसांत आम्ही सगळेच बागेत जायचो. आमच्या गळ्यात टोपल्या, आणि ही झाडाखाली कागद मांडून बसलेली. विहीणबाईंनी आग्रह केला तरी एक फळ तोडेल तर शपथ. "आधी बघू तर दे डोळे भरून," म्हणायची. मला तिनं तिथंच रंगवायला शिकवलं. पहिल्याच फटक्यात मी लाल रंगाची ट्यूब उघडली, तर माझ्या हातावर चापट मारली. "लाल सगळ्यात शेवटी. आधी पिवळा, मग हिरवट. झाडावर तरी काय, असंच होतं की गं." चकाकी दिसते तिथं तर ती रंगच लावायची नाही; कागद कोरा सोडायची.

दर वर्षी बागेतून पेटी यायची आणि घरात एक गंमत सुरू व्हायची. पेटीतलं पहिलं सफरचंद खिडकीतल्या पांढऱ्या ताटलीत जायचं, आणि त्याचं चित्र पुरं होईपर्यंत पेटीला कोणी हात लावायचा नाही, असा अक्काचा कायदा. आणि हिचं काम म्हणजे गोगलगाय! शाळा, स्वयंपाक, येणारंजाणारं सांभाळून दिवसाकाठी चार फटकारे. घरभर घमघमाट, आणि काका दारात उभे: "झालं का गं?" ती मान वर न करता म्हणायची, "स्वल्प थांबा!" स्वल्प म्हणजे कानडीत जरासं. काका करवादायचे, "अगं, फळ आहे ते, नवरदेव नव्हे!" शेवटी एकदाचं चित्र व्हायचं, ब्रश धुऊन ती कानडीतलं 'ठीक आहे' म्हणायची, "सरी, घ्या आता," की आम्ही पेटीवर तुटून पडायचो. ताटलीतलं सफरचंद तोवर पार सुरकुतलेलं असायचं. ते टाकायचं नाही. किसून, तुपावर परतून, वेलदोडा घालून त्याचा शिरा व्हायचा आणि तो काकांच्या वाटीत जायचा. "सगळ्यांना ताजी, आणि मला तेवढं म्हातारं," काकांची दर वर्षीची कुरकुर. अक्का हसायची. "सुरकुतलं की गोडी वाढते हो. माझ्याकडे बघा!"

या वर्षीची पेटी ती जायच्या थोडेच दिवस आधी आली. चित्र सुरू झालं होतं. पिवळा झाला होता, देठापाशी हिरवट झाला होता… लाल राहिला.

तेराव्याला गुरुजींनी नैवेद्याला फळं मागितली. कुणीतरी सहज पेटीकडे वळलं, तर एरवी गिऱ्हाइकाशीसुद्धा हळू बोलणारे काका ओरडले, "पेटीला हात लावायचा नाही! चित्र व्हायचंय अजून!" केळी आणली, वेळ निभावली. पण त्यानंतरही काका ऐकेनात. आतलं एखादं नासायला लागल्याचा वास येत होता. नंदिनी रडकुंडीला आली. "बाबा, एक नासलं की सगळी नासतील. आईला चाललं असतं का?" काका भिंतीकडे तोंड करून बसून राहायचे. जेवणही चिमणीएवढं. त्यांना असं सोडून बागेत परत कसं जायचं, हा नंदिनीला घोर. निघायच्या आदल्या दिवशी ती मला म्हणाली, "तूच लाल रंगव. तुला शिकवलंय तिनं."

मी बसले. खिडकी तीच, ताटली तीच. सफरचंद मऊ पडलेलं. ट्यूबचं झाकण काढलं, ब्रश ओला केला… आणि दारातून आवाज आला, "झालं का गं?" सवयीनंच निघालं असणार काकांच्या तोंडून. नंदिनी पदर तोंडात कोंबून आत पळाली. मी कागदाकडे बघत राहिले. पिवळ्यात तिचा हात दिसत होता, कडेला तिनं सोडलेला उजेडाचा कोरा ठिपका दिसत होता. त्यावर मी कोण टिकोजीराव लाल फासणारी? मी ब्रश धुतला, झाकण लावलं आणि म्हटलं, "सरी काका, घ्या आता."

काका जवळ आले. चित्र बराच वेळ बघितलं. ती गेल्यापासून डोळ्यांतून टिपूस न काढलेला माणूस, खुर्चीची पाठ धरून हमसाहमशी रडला. मग त्यांनी स्वतःच्या हातानं पेटी उघडली. निम्मी नासली होती; चांगली निवडून आम्ही गल्लीत वाटली. ताटलीतल्या सफरचंदाचा नंदिनीनं शिरा केला. मी चव बघायला चमचा पुढे केला, तर काकांनी वाटी झटकन मागे ओढली. "हे माझं आहे." जन्मभर कुरकुरत खाल्लेला तो शिरा त्यांनी कुणाला बोटभरही दिला नाही.

चित्र अजून खिडकीत टेकवून ठेवलंय, तसंच पिवळं. परवा रविवारी गेले, तर त्याच्यासमोरच्या ताटलीत एक ताजं सफरचंद. बाजारातलं, स्टिकर लावलेलं. मी विचारलं, "काका, आता याचं चित्र कोण काढणार?"

"कोणी नाही," काका म्हणाले. "सुरकुतू दे स्वल्प."