ताई मालिका सांगते

मी पुण्याला निघाले त्या सकाळी आमच्या फाट्यावर चंद्रपूरची एसटी अर्धा तास उशिरा आली. त्या अर्ध्या तासात बाबा माझ्याशी तीनच वाक्यं बोलले. बॅग पायाशी ठेवजो. गाडीत कोनाजवळचं खाऊ नोको. पोचली का फोन कर. माय घरीच थांबली होती, तिला रडताना कोणी पाहिलेलं चालायचं नाही. ताई मात्र अखंड बोलत होती. आदल्या संध्याकाळी आमच्या मालिकेतल्या सासूने दुधात काहीतरी कालवलं होतं, आणि ते दूध आता कोण पिणार याची ताईला चिंता पडली होती. गाडी दिसली तसा तिने माझा दंड धरला.

"तिकडं गेल्यावर पाह्यनं सोडू नोको व सुमे. तू तिथी पाह्य, मी इथी पाह्यतो. मंग सांगजो मले, कसं वाटलं तं."

मला तेव्हा तिचा रागच आला. बहीण चालली आहे आणि हिला दुधाचं पडलंय.

आमचं गाव मोहर्लीच्या अलीकडे, जंगलाला लागून. थोडी धानाची शेती, उन्हाळ्यात मोहफुलं. ताई मोहर्लीच्या एका रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात काम करायची. वाघ पाहायच्या सफारीहून परतणाऱ्या पाहुण्यांचा नाश्ता तिच्या हातचा असायचा. मी लॅब टेक्निशियनचा कोर्स केला आणि पुण्यात एका लॅबमध्ये लागले. चार मुलींची एक खोली, शिफ्ट ड्युटी, डब्याची भाजी रोज गोड. पहिल्या महिन्यात काउंटरवर कुणीतरी माझ्या 'मले'ला हसलं, तेव्हापासून मी 'मला' म्हणू लागले.

मालिका मी दुसऱ्या दिवशी बसमध्ये, मोबाईलवर बघायचे आणि ताईला व्हॉइस मेसेज पाठवायचे. तिचे उलट यायचे. "थे पोरगी बेसुद पडली तरी पदर जागचा हालला नाई, पिना मारून पडली वाट्टे." एखाद्या सिनेमातला नायक नोकरी सोडून डोंगरात निघून गेला की म्हणायची, "भैताड हाये. जेवते काय थो तिथी?" मागून बाबांचा आवाज यायचा, "बंद करा थे." आणि थोड्या वेळाने, "मंग सापडला का खुनी?" आजूबाजूचे लोक बघतील म्हणून मी तोंडावर ओढणी धरून हसायचे. घरच्यांनी मला कधी 'कशी आहेस' असं विचारलं नाही. मीही नाही. पण मेसेज एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी सकाळीच मायचा फोन असायचा.

तिसऱ्या वर्षी, मोहाच्या दिवसांत, लॅबमध्ये असताना चुलतभावाचा फोन आला. पहाटे बाबा आणि ताई मोहफुलं वेचायला गेले होते. वाघाने बाबांना नेलं.

मी पोहोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. ताई भिंतीला टेकून बसली होती. वनखात्याच्या लोकांनी जागा विचारली तेव्हा तिने फक्त हाताने दाखवली होती, असं चुलतभावाने सांगितलं. मी होते तितक्या दिवसांत ती कामापुरतंही बोलली नाही. नेमकं काय झालं, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. तेरवी झाली, रजा संपली. फाट्यावर सोडायला ती आली, पण गाडी येईपर्यंत आम्ही दोघी नुसत्या उभ्या होतो. मी तिला तशीच सोडून आले. तुमच्यापैकी जे घर सोडून गेलेत, त्यांना हे ठाऊक असेल. पहिल्यांदा निघताना आपण रडतो. खरं निघणं पुढे कधीतरी असतं, आणि त्या वेळी रडूही येत नाही.

पुण्यात आल्यावर तिला काय पाठवावं कळेना. शेवटी जे येत होतं तेच पाठवलं. "ताई, आज कोर्टाचा सीन होता. वकील म्हणजे तिचाच हरवलेला भाऊ निघाला." मेसेज ऐकल्याची खूण दिसायची. उत्तर नाही. माय म्हणाली, "टीव्ही लावतच नाई थे. मोबाईल मात्र कानाले लावून बसते." दीड महिन्याने ताई कामावर परतली. वाघ दिसला म्हणून खुशीत आलेल्या पाहुण्यांना ती पोहे वाढत होती. मी रोज मेसेज पाठवत राहिले. मालिका कंटाळवाणी झाली होती, तरी बघत राहिले. असे दहा महिने गेले.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी तिचा मेसेज आला. मी लॅबच्या जिन्यात जाऊन ऐकला.

"सुमे, काल दुपारी शेजारी गेलो होतो, तिथी टीव्हीवर सिनेमा लागला होता. वाघाचा. त्याईनं बंद कराले घेतला, मी म्हटलं राहू द्या. त्यात वाघ पयले डरकाळी देते, मंग पाखरं उडते, मंग बाजा वाजते. सारं खोटं हाये व. त्या दिवशी पान बी नाई वाजलं. बाबा वाकून वेचून राह्यले होते. मी टोपली सरकवाले वळलो, परत पाह्यलं तं बाबा नाई. मले वाटलं, पल्याडच्या झाडाखाली गेले. मी म्हटलं, 'बाबा, पानी पेता का?' दोनदा इचारलं."

मेसेजमध्ये मागे भांडी वाजत होती.

"थो हिरो वाघाले बुक्की मारते. मले तं वरडता बी नाई आलं, सुमे. पानी पेता का म्हनत राह्यलो."

मी उत्तर रेकॉर्ड केलं आणि पुसलं, असं चार वेळा. 'तुझी चूक नाही' म्हटलं तर ते मालिकेतल्यासारखं वाटत होतं. शेवटी म्हणाले, "ताई, मोहाच्या टायमाले मी येतो." तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडातून गावची बोली निघाली.

मार्चअखेरीस गेले. गावातल्या बाया पुन्हा जंगलात जायला लागल्या होत्या, पण आता दहा-बाराजणी मिळून, सूर्य वर आल्यावर, आणि सतत मोठ्याने बोलत. बोलण्याचा आवाज असला की जनावर लांब राहतं. त्या बोलवायला आल्या तशी ताई उठली. माय दारात आडवी आली. "सुमी हाये ना संगं," ताई म्हणाली.

झाडाखाली पिवळा सडा पडला होता. बाया वेचायला वाकल्या, बोलून बोलून विषय संपले, आणि मध्येच सगळ्या गप्प झाल्या. ताईचा हात थांबला. एक म्हातारी घाईने ताईला म्हणाली, "कुंदे, तू सांग व काईतरी. थे तुयी सिरीयल सांग."

ताईने घसा खाकरला. सुरुवातीला आवाज फाटला, मग मोठा झाला. कोर्टाचा सीन, वकील म्हणजे हरवलेला भाऊ, सासूचा लकवा, खोटं बाळंतपण. वर्षभराचं सगळं, क्रमाने. बाया हसत होत्या, सासूला शिव्या घालत होत्या. मी वाकलेलीच राहिले. तिने यातला एकही भाग पाहिला नव्हता. ती सांगत होती ते माझे शब्द होते, पुण्याच्या बसमध्ये ओढणीआडून बोललेले, आणि त्यांतला एकही तिने सांडला नव्हता.

पुण्यात मला कोणी घर कुठलं विचारलं तर मी जिल्ह्याचं नाव सांगते, तेवढं त्यांना पुरतं. मला मात्र त्या दिवसापासून असं वाटतं की मी जे घर सोडलं म्हणत होते, त्यातलं काही मी रोज परत पाठवत होते, आणि तिकडे ते कोणीतरी जपून ठेवत होतं.

तासाभराने ताई अडली. पुढचं मी अजून पाठवलं नव्हतं. टोपली कमरेला लावून ती माझ्याकडे वळली.

"मंग, सुमे? पुढं काय झालं?"

मी उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायला लागले.