तण नसलेलं कॉलेज

खुरपलेल्या गवताचा हिरवट वास आला की दहावीनंतरचा तो दिवस आठवतो. कृषी पदविकेच्या दोन वर्षांसाठी कॉलेज निवडायला वडील मला घेऊन निघाले होते. कराडच्या कॉलेजात माती तपासायची प्रयोगशाळा होती, पण बांधावर कंबरभर तण माजलं होतं. वडील फाटकातूनच वळले. म्हणाले, "ज्यांना सोताचं रान राखता येत न्हाई, ती तुला काय शिकवणार रं?" सांगलीकडच्या कॉलेजात मात्र उसाच्या सरीत गवताची काडी दिसली नाही. त्यांनी तिथंच माझा अर्ज भरला. पुढची दोन वर्षं त्या सऱ्या आम्ही विद्यार्थीच खुरपत होतो. सुट्टीत घरी गेलो की माझ्या हातावरचे घट्टे वडील शेजाऱ्यांना कौतुकानं दाखवायचे. आता कुणी माती तपासायची कशी म्हणून विचारायला आलं, की मी त्याला कराडला पाठवतो.