लग्नाचा पेन ड्राइव्ह आणि तीन अँटीव्हायरस

परवा रविवारी लातूरला घरी बसून तीन अँटीव्हायरसची परीक्षा घेतली... आणि त्यात नापास होता होता मीच वाचलो.

जुन्या अँटीव्हायरसची मुदत संपली होती. कॉम्प्युटर उघडला की कोपऱ्यात लाल चौकट यायची... 'तुम्ही धोक्यात आहात!' माझी बायको मनीषा त्यावरच शाळेचे पेपर टाइप करते. ती म्हणाली, कुठला तरी एक घ्या, पण हे भीती घालणं बंद करा.

आता 'कुठला तरी' हे मला जमत नाही. मी टरबूजसुद्धा चार ठोकून बघितल्याशिवाय घेत नाही. आधी आमच्या सगळ्या फाइल्स बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढून ठेवल्या आणि तिघांच्या ट्रायल एकेक करून टाकायचं ठरवलं. दोन एकत्र टाकले की ते व्हायरस सोडून एकमेकांच्याच मागे लागतात.

बघायचं काय, तर कॉम्प्युटर किती जड होतो, कटकट किती करतो आणि खरंच काही पकडतो का. पहिल्या दोन गोष्टी लगेच कळतात. तिसरीसाठी खराखुरा व्हायरस पाहिजे... आणि तो कुठे मिळेल हे मला पक्कं माहीत होतं. आमच्या भाचीच्या, पूजाच्या लग्नाच्या पेन ड्राइव्हमध्ये!

आमच्या भावकीत लग्नाचं शूटिंग घरोघर फिरतं. निलंग्याहून औशाला, तिथून रेणापूरला, मग नांदेडच्या आत्याकडे. आलेला पेन ड्राइव्ह आधी स्कॅन करायचा म्हणजे पाहुण्याची पिशवी तपासल्यासारखं वाटतं, म्हणून कुणीच करत नाही. लग्न सगळ्यांनी हौसेनं पाहिलं आणि आहेरात प्रत्येकाच्या कॉम्प्युटरला व्हायरस मिळाला.

योगायोगानं तो पेन ड्राइव्ह घेऊन ताईच आली होती. ताई म्हणजे माझी मोठी बहीण, पूजाची आई. नांदेडला आत्याकडे जाऊन निलंग्याला परत जाताना ती आमच्याकडे उतरली होती.

पहिला अँटीव्हायरस हलका निघाला. त्यानं पेन ड्राइव्ह तपासून 'धोका सापडला' असं सांगितलं... पण काढायचा असेल तर पैसे भरा म्हणाला. दुसरा इतका जड की एक्सेल उघडेपर्यंत चहा होऊन यायचा. एवढं करून त्याला पेन ड्राइव्हमध्ये काहीच सापडलं नाही.

तिसऱ्यानं मात्र एका झटक्यात सगळं साफ केलं. मी खूश होऊन पेन ड्राइव्ह उघडला... तर आत काहीच नाही. लग्न, हळद, वरात, सगळं गायब. पांढरी स्वच्छ खिडकी.

मी शूटिंगवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, सीझनमध्ये कार्ड पुसूनच पुढच्या लग्नाला जावं लागतं, आता माझ्याकडे काही नाही. तपासणीच्या नादात मी आपल्या फाइल्स जपल्या, पण लग्नाची कॉपी काही घेतली नव्हती.

ताई शेजारीच बसली होती. "आरं, गेलं का समदं?" तिनं विचारलं. मग ती हळूच म्हणाली, "मी तर आजून बघितलंच न्हाई की..."

मला आधी कळेचना. मग लक्षात आलं. आमच्याकडे मुलीची आई लग्न लागताना बघत नाही. मंगलाष्टका चालू असताना ताई तुळशीपाशी पाणी घालत बसली होती. पुढे तिच्या घरी कॉम्प्युटर नाही, जुन्या टीव्हीला पेन ड्राइव्ह लागत नाही आणि पाहुण्यांकडे शूटिंग लावलं की ही स्वयंपाकघरात पोळ्या लाटायला. पोटच्या पोरीचं लग्न सगळ्या भावकीनं पाहिलं होतं, फक्त तिनंच नाही. हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं... मला फार वाईट वाटलं.

डोकं जरा थंड झाल्यावर एक गोष्ट दिसली. पेन ड्राइव्ह रिकामा, पण त्यातली जागा मात्र भरलेली. म्हणजे माल आतच होता! व्हायरसनं खरे फोल्डर लपवून त्याच नावाचे खोटे शॉर्टकट ठेवले होते. अँटीव्हायरसनं ते खोटेच तेवढे उडवले होते... बिचाऱ्यानं आपलं काम चोख केलं होतं. सेटिंगमध्ये जाऊन लपवलेल्या फाइल्स दाखवायला सांगितल्या आणि लग्न परत आलं.

आधी कॉपी केली, मगच लावलं. अंतरपाट धरलेला, पूजाच्या हातात हार. लोक अक्षता टाकत होते आणि पूजा सारखी मान वळवून गर्दीत बघत होती. एकदा डावीकडे, एकदा मागे. एवढ्या घरांत हे शूटिंग पाहिलं गेलं, पण तिचं ते मान वळवणं कुणाला दिसलं नव्हतं.

"मलाच हुडकायलीय ती," ताई म्हणाली. मग पडद्याकडे बघत, "हितंच होते गं बाय... तुळशीपाशी."

कुठला घेतला, असं तुम्ही विचारणारच. तिसरा घेतला. पण खरं सांगायचं तर अँटीव्हायरस कुठलाही घ्या, आधी कॉपी घ्या.

त्या दुपारच्या पोळ्या मनीषानं आणि मी केल्या. बाहेर मंगलाष्टका संपायच्या आणि ताई परत पहिल्यापासून लावायची. माझ्या पोळ्यांचे नकाशे झाले होते... पण ताई एकदाही उठून स्वयंपाकघरात आली नाही, याचंच मला बरं वाटलं.