शेडमधला मलिदा

एस्तेर माझ्याकडे नागपूरला राहायला आली तेव्हा तिची बॅग एवढीशी होती आणि राग मात्र मोठा होता. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, ठाण्याला बरेच महिने अंथरुणाला खिळून होती. तेव्हा तिने एलियाहू हानाबी या आमच्या प्रेषितांना नवस बोलला होता, बरी झाले की मलिदा करीन. आम्हा बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यूंच्या, घरांतून हा नवस पिढ्यान्‌पिढ्या बोलला जातो. गूळखोबरं घातलेल्या पोह्यांचं ताट मांडायचं, भोवती फळं ठेवायची, त्यावर हिब्रू आशीर्वाद म्हणायचे आणि मग सगळ्यांनी मिळून खायचं. बहीण बरी झाली नाही. वडील बोटीवर नोकरीला, म्हणून तेरा वर्षांची पोर मावशीकडे आली. आईला मूठमाती दिल्यापासून तिने प्रार्थनेचा एक शब्द उच्चारला नव्हता.

रविवारी सकाळी मी आमच्या इथल्या मोजक्या घरांतल्या मुलांना शिकवते. हिब्रू अक्षरं, शेमाची प्रार्थना, सणांचे अर्थ, असं जमेल तसं. वर्ग सुटला की आम्ही स्वयंपाक घेऊन एका मोठ्या रुग्णालयाच्या आवारातल्या शेडमध्ये जातो आणि पेशंटच्या नातेवाइकांना वाढतो. पाठांतर तर पोपटही करतो, हे मी मुलांना इतक्यांदा ऐकवलंय की ती आता माझ्याआधीच म्हणून टाकतात. एस्तेर पोळ्या लाटायची, भांडी उचलायची, सगळ्यांत जास्त राबायची. पण आशीर्वादाची वेळ आली की खिडकीबाहेर बघत बसायची. खरं तर तिला सगळं येत होतं, आईनेच शिकवलेलं. मी एकदा विचारलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, जो ऐकत नाही त्याच्याशी काय बोलायचं. मी मोठ्या माणसासारखं काहीतरी उत्तर दिलं, पण मनातून मीच डळमळले होते. बहिणीसाठी मी काय कमी मागितलं होतं?

थंडीतला एक रविवार होता. वर्गातला डॅनियल डेंग्यूतून उठला, म्हणून त्याच्या आईने नवसाचा मलिदा माझ्याच घरी ठेवला होता. आशीर्वाद त्याचे वडील म्हणणार होते, पण ते रेल्वेत ड्रायव्हर आणि त्यांची मालगाडी वाटेतच अडकून पडली होती. मला तापाची कणकण होती आणि घसा इतका बसला होता की ‘पाणी दे’ म्हणायलासुद्धा खुणा कराव्या लागत. औषधाने डोळ्यांवर झापड होती, त्यामुळे तो दिवस आठवतो तो अर्धवट झोपेत पाहिल्यासारखा. वाट पाहून पाहून शेवटी ठरलं की आधी शेडमध्ये वाढून यावं, मलिदा संध्याकाळी करू. मुलांनी घाईघाईत डबे ऑटोत भरले.

शेडमध्ये कोवळं ऊन तिरपं आलं होतं. कुठून कुठून आलेली माणसं गाठोड्यांना टेकून बसली होती आणि चुलीचा धूर जमिनीलगत रेंगाळत होता. मी भिंतीशी बसले, डोळे मिटले. उघडले तेव्हा मुलं द्रोणांतून मलिदा वाढत होती! नवसाचं ताट, फळांसकट, डब्यांबरोबर चुकून आलं होतं. आशीर्वादाआधी त्यातला कणही कुणी तोंडात घालत नाही. माझ्या तोंडचं पाणी पळालं. ओरडायला गेले तर आवाजच फुटेना.

पहिला द्रोण एस्तेरने भिवापूरकडच्या एका म्हातारीच्या हातात दिला होता. म्हातारीने तो कपाळाला लावला, पण खाल्लं नाही.

“परसाद दिसते हा,” ती म्हणाली. “देवाचं नाव घेतल्याबिगर कसा खाऊ? तू म्हण नं वं बाई, तुह्या देवाचं.”

एस्तेर खाली मान घालून म्हणाली, “तो माझं ऐकत नाही, आजी.”

म्हातारीला नवल वाटलं नाही. तिने वॉर्डाकडे हात केला. “माहा बुढा अंदर पडून हाय. डोये नाही उघडत, हूं नाही का चूं नाही. मी रोज जाऊन त्याच्याशी बोलून राहिली. आयकते का नाही, ते त्याचं तो पाहीन. हाक माराचं माह्याकडं हाय.”

 मग एस्तेरने ओढणी डोक्यावर घेतली. ताटातला खजूर उचलून तिने झाडाच्या फळाचा आशीर्वाद म्हटला. केळीला आमच्यात झाड धरत नाहीत, म्हणून केळ्यावर जमिनीच्या फळाचा म्हटला; इथे माझी बाकीची मुलं हटकून चुकतात. पुढे एलियाहू हानाबींचं गाणं तिने माझ्या बहिणीच्या चालीत धरलं, शेवटची ओळ जराशी लांबवत. मुलांनी हळूहळू सूर मिसळला. शेडमधल्या बायांनी पदर डोक्यावर घेतले, कुणी हात जोडले. मला मात्र वाटत होतं की बहीणच कुठेतरी जवळ बसून गातेय. मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटली नाही.

म्हातारीने मलिदा खाल्ला, थोडा पदरात बांधला आणि वॉर्डाकडे निघून गेली. पुढच्या रविवारी ती दिसली नाही. एलियाहू कुठल्याही रूपात येतात असं आमच्यात मानतात. मी त्यावर काही म्हणणार नाही. तिचा म्हातारा उठला असेल, एवढीच प्रार्थना करते.

परतताना ऑटोत एस्तेर माझ्या खांद्याला टेकली आणि हळूच म्हणाली, “मावशी, आई बरी झाली नाही, म्हणून तिचा मलिदा राहिला होता. आज मी डॅनियलचा म्हणताना तिचाही म्हटला. चालेल ना?”

मी नुसती मान हलवली. आवाज असता तर मी नक्की काहीतरी शिकवायला गेले असते. मागितलेलं मिळालं नाही तरी ताट मांडायचं असतं, हे त्या पोरीने मला सांगितलं. आता शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचा दिवा तीच लावते, आशीर्वाद तीच म्हणते. मी मागे उभी राहते आणि आमेन म्हणते.